सी ड्राइव्ह लाल झालाय, कुठला बॅकअप उडवू?

या वेळी आलेल्या पत्रांमधली निम्मी पत्रं एकाच दुखण्याची आहेत, हिशोबाच्या सॉफ्टवेअरचे बॅकअप साठत गेले आणि आता डिस्कला श्वास घ्यायला जागा नाही. म्हणून हा सगळा अंक त्यालाच दिलाय. पहिलं पत्र सविस्तर घेतो कारण त्यात बाकीच्यांची बरीच उत्तरं येऊन जातात.

प्रश्न : नमस्कार सर, मी सांगलीला मार्केट यार्डात हळदीच्या अडत पेढीवर अकाउंट बघते. टॅलीप्राइम आहे, कॉम्प्युटरला २५६ जीबीचा एसएसडी. रोज संध्याकाळी पेढी बंद करताना तारखेचा फोल्डर करून बॅकअप घेते, तीन वर्षांत एक दिवस चुकवला नाही. आता सी ड्राइव्ह लाल दाखवतोय, काल बॅकअप मधेच अडकला. मालक म्हणतात जुनं सगळं उडव. माझा हात धजत नाही. काय ठेवू आणि काय काढू?

उत्तर : ताई, हात धजत नाही तेच बरोबर आहे, तीन वर्षं एकही दिवस न चुकवता बॅकअप घेणारी माणसं मला फार कमी भेटलीत, त्यामुळं तुमचं काम वाया जाणार नाही असंच सांगणार आहे.

आधी आजचं काम. काहीही डिलीट करायच्या आत बाहेरची हार्डडिस्क जोडा, नसेल तर निदान रिकामा पेनड्राइव्ह, आणि आजचा बॅकअप सरळ त्याच्यावर घ्या. तोपर्यंत नवीन एंट्री करू नका. डिस्क गच्च भरलेली असताना एंट्री सेव्ह केली की सॉफ्टवेअर लिहायला जातं, अर्धं लिहितं आणि जागा संपते, मग दुसऱ्या दिवशी सकाळी टॅलीतली कंपनी, म्हणजे तुमच्या पेढीचा सगळा हिशोब, उघडतच नाही. दुरुस्तीला गेलात तर ती आधी डेटाची प्रत काढायला जागा मागते, आणि जागा तर नाहीच. काल मधे अडकलेला जो बॅकअप आहे तो बॅकअप धरू नका, तो पहिला काढून टाका.

आता हिशोब बघा. तुमच्या पत्रात आकडा नाही, पण अशा पेढीचा एक बॅकअप मला साधारण १५० एमबीचा दिसतो, तोच धरू. वर्षाचे कामाचे ३०० दिवस धरले तर ४५ जीबी झाले एका वर्षाचे. आणि २५६ जीबी म्हणून घेतलेला एसएसडी विंडोजमध्ये २३८ च दाखवतो, कारण डिस्क बनवणारी कंपनी १००० च्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. त्यात विंडोज स्वतः बसलेलं, बाकीची सॉफ्टवेअर बसलेली. सुरुवातीच्या वर्षी फाइल लहान होत्या असं धरलं तरी तीन वर्षांत शंभरच्या आसपास जीबी सहज गेले.

पण त्या नऊशे फाइलमध्ये खरं वेगळं काय आहे? १२ जुलैच्या बॅकअपमध्ये ११ जुलैचं सगळं आहेच, वर एका दिवसाच्या पट्ट्या आणि पावत्या. टॅलीचा बॅकअप दर वेळी अख्खी कंपनी उचलतो, फक्त आजचा फरक नाही. म्हणून मधले बरेचसे काढता येतात, पण आंधळेपणानं नाही. मी माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांकडं जे लावून दिलंय ते असं, शेवटच्या १५ दिवसांचे रोजचे ठेवायचे, गेल्या १२ महिन्यांचा महिनाअखेरचा एकेक ठेवायचा (जीएसटीआर-१ आणि ३बी ही जीएसटीची रिटर्न भरून झाल्यावरचा, म्हणजे रिटर्नला जुळणारा), आणि प्रत्येक आर्थिक वर्षाचा एक शेवटचा, तो ३१ मार्चच्या रात्रीचा नको, ऑडिटच्या एंट्र्या पडून ताळेबंदावर सही झाल्यावरचा. १५ अधिक १२ अधिक समजा सहा वर्षांचे सहा, झाले ३३. गुणिले १५० एमबी म्हणजे पाच जीबीच्या आत. शंभराचे पाच झाले आणि लागणारं काहीही गेलं नाही.

पंधराच दिवस का, तर चूक साधारण तेवढ्यात लक्षात येते. कुणी चुकून लेजरच बदललं, बिलं डिलीट झाली, तर आठवडा दोन आठवड्यांत पार्टीचा फोन येतोच. ज्यांच्याकडं एंट्री मागाहून करायची सवय आहे त्यांनी ३० दिवस ठेवावेत, जागा तरीही पुरते.

वर्षाचे बॅकअप मात्र मालक म्हणाले तरी उडवू नका, त्याला कायदा आहे. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणं त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने हिशोब ठेवावा लागतो. म्हणजे २०२४-२५ चं वार्षिक रिटर्न ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत, तिथून सहा वर्षं, ३१ डिसेंबर २०३१. अपील किंवा चौकशी चालू असेल तर निकालानंतर एक वर्ष किंवा हे ७२ महिने, जे नंतर संपेल ते. आणि जीएसटीच्याच नियम ५७ मध्ये तर कॉम्प्युटरवरच्या हिशोबाचा बॅकअप नीट ठेवा असं स्पष्टच म्हटलंय. तुमची पेढी प्रोप्रायटरी किंवा पार्टनरशिप असेल तर एवढं, प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ नं आठ आर्थिक वर्षं. पूर्वी पेढीच्या माळ्यावर लाल कापडात बांधलेल्या चोपड्या वर्षानुवर्षं असायच्या, कुणी म्हणायचं नाही की माळा भरला म्हणून गेल्या सालची किर्द रद्दीत द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, डिलीट करायच्या आधी जे ठेवणार आहात त्यातला एकेक उघडून बघा. हे मी एवढं आग्रहानं का सांगतो ते ऐका. एका हार्डवेअरच्या दुकानात मला बोलावलं होतं, हार्डडिस्क गेली म्हणून. बॅकअप होते, पेनड्राइव्हवर, तारीखवार, अगदी तुमच्यासारखेच. मी फोल्डर उघडले आणि साइजचा कॉलम बघितला तर एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत प्रत्येक फाइल केबीपर्यंत तंतोतंत सारखी. झालं काय होतं, एप्रिलमध्ये त्यांनी नव्या वर्षाची नवी कंपनी उघडली आणि बॅकअप घेताना यादीत वरती जुनी कंपनी यायची, तीच निवडून एंटर. सात महिने रोज संध्याकाळी बंद झालेल्या वर्षाचा बॅकअप. त्या पोरानं एक दिवस चुकवला नव्हता हो, त्याचा चेहरा अजून डोळ्यांसमोर येतो. सात महिन्यांची बिलं पुस्तकातून परत टाकली, दिवाळीत दुकानाच्या मागच्या खोलीत बसून.

म्हणून ताई, दर आठवड्याला साइज बघा. हलली नसेल तर काहीतरी चुकतंय. आणि महिन्यातून एकदा रिस्टोअर, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत उतरवून बघा. करताना एक काळजी घ्या, रिस्टोअर कधीही चालू डेटाच्या फोल्डरमध्ये करायचं नाही. टॅली प्रत्येक कंपनीला नंबर देतं आणि तिथं त्याच नंबरची कंपनी आहे, तिच्यावर जुनी येऊन बसेल आणि आजवरचं काम पुसलं जाईल. डी ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर ‘तपासणी’ नावाचा फोल्डर करा, ऑल्ट वाय दाबून रिस्टोअरमध्ये जा, ठिकाण म्हणून तोच द्या, मग त्या जागेवरून कंपनी उघडा. शेवटच्या विक्री बिलाचा नंबर बघा, ट्रायल बॅलन्स बघा, चालू कंपनीत त्याच तारखेचा आहे तसाच आला की झालं. दहा मिनिटांचं काम आहे. झाल्यावर तो फोल्डर काढून टाका, नाहीतर एखाद्या दिवशी चुकून त्यातच एंट्र्या सुरू होतात, हेही पाहिलंय मी.

टॅलीव्हॉल्टचा, म्हणजे टॅलीतल्या डेटाला कुलूप लावणारा, पासवर्ड लावला असेल तर तो मालकांना लिहून कपाटात ठेवायला सांगा. विसरला तर डेटा कुणालाच उघडता येत नाही. वर्षाच्या बॅकअपसोबत त्या वर्षाचा ट्रायल बॅलन्स, ताळेबंद आणि लेजर पीडीएफ करून ठेवा, सहा वर्षांनी सॉफ्टवेअरची आवृत्ती कुठली असेल कुणास ठाऊक, पीडीएफ कुठंही उघडते.

आणि तुमची खरी अडचण जागेपेक्षा मोठी आहे. सगळे बॅकअप त्याच एसएसडीवर आहेत जिथं मूळ डेटा आहे. तो एसएसडी बंद पडला की दोन्ही एकदमच गेले. व्हायरस येऊन फाइल लॉक करून गेला, मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आला होता तसा, तर तो डेटा आणि बॅकअप असा भेद करत नाही, समोर दिसेल ते लॉक करतो. त्यामुळं १ टीबीची बाहेरची डिस्क घ्या, बॅकअपपुरतीच जोडा, मग काढून कपाटात. दुसरी एक प्रत मालकांच्या घरी. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर साठवलेल्या, एक इमारतीबाहेर, हा जुना साधा नियम आहे आणि मला अजून तरी त्याहून चांगला सापडलेला नाही.

डिलीट केल्यावर जागा वाढली नाही म्हणून घाबरू नका, फाइल रीसायकल बिनमध्ये असतात, बिन रिकामा केल्यावरच जागा सुटते. ते दोन-तीन दिवस थांबून करा, तेवढीच चूक सुधारायची संधी. उलट पेनड्राइव्हवरून किंवा नेटवर्कच्या फोल्डरमधून डिलीट केलेलं बिनमध्ये येत नाही, सरळ जातं, तिथं दोनदा बघून डिलीट दाबायचं. आणि एसएसडी काठोकाठ भरू नका, पाचवा हिस्सा तरी मोकळा राहू द्या, भरलेला एसएसडी हळू चालतो.

प्रश्न : दादा, इचलकरंजीला सुताचा व्यापार आहे. ६४ जीबीचा नवीन पेनड्राइव्ह, पूर्ण रिकामा, आणि बॅकअपची फाइल फक्त साडेचार जीबीची, तरी कॉपी करताना फाइल फार मोठी आहे असं म्हणतो. पेनड्राइव्ह डुप्लिकेट निघाला का?

उत्तर : पेनड्राइव्ह चांगला आहे. तो फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला असणार, त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही, जागा कितीही असो. माय कॉम्प्युटरमध्ये त्याच्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा, फाइल सिस्टीमपुढं लिहिलेलं दिसेल. फॉरमॅट करताना एक्सफॅट किंवा एनटीएफएस निवडा. फॉरमॅटनं आतलं सगळं जातं, तेव्हा काही असेल तर आधी काढून घ्या. फक्त एक विनंती, पेनड्राइव्हवर वर्षाचे बॅकअप ठेवू नका, तो ने-आण करायला ठीक आहे, खिशातून पडतो, पोरं सिनेमे भरायला नेतात.

प्रश्न : सर, सोलापूरला आमचा टॉवेल-चादरीचा कारखाना. हिशोबाचं आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हरवर चालतं. डेटाबेसची फाइल ६ जीबीची आहे पण शेजारी एलडीएफ नावाची ७४ जीबीची फाइल झालीय. ज्यानं सॉफ्टवेअर दिलं तो आता फोन उचलत नाही. एकजण म्हणाला ती फाइल नुसती लॉगची असते, डिलीट करून टाका.

उत्तर : डिलीट करू नका. हे वाक्य दोनदा वाचा, मग पुढचं.

तुम्ही हिशोबातली माणसं, तुमच्याच भाषेत सांगतो. व्यवहार झाला की आधी रोजमेळात लिहायचा आणि मग खतावणीत त्या त्या खात्यावर टाकायचा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये एलडीएफ म्हणजे तो रोजमेळ आणि एमडीएफ म्हणजे खतावणी. वीज गेली, खतावणी अर्धवट राहिली तर सर्व्हर परत चालू होताना रोजमेळ बघूनच पुरी करतो. रोजमेळच फाडून टाकलात तर डेटाबेस उघडणारच नाही अशी वेळ येऊ शकते.

मग ती फुगली का? डेटाबेसची सेटिंग ‘फुल रिकव्हरी’ असेल तर लॉगचा वेगळा बॅकअप घेतल्याशिवाय त्यातली जुनी पानं मोकळी होत नाहीत. तुम्ही रोज पूर्ण बॅकअप घेत असाल, तो घेऊन लॉग मोकळा होत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि फाइल वर्षानुवर्षं वाढत राहते.

आता दोन वाटा आहेत. दिवसभरात बिलं खूप, तासाभराचं काम गेलं तरी परवडत नाही, तर फुल रिकव्हरीच ठेवा आणि दर तासाला लॉगचा बॅकअप लावा. संध्याकाळचा एक बॅकअप पुरतो, एखाद्या दिवसाचं काम परत टाकता येईल, तर ‘सिंपल’ करा, लॉग आपोआप आवरत राहील. कुठलीही वाट घ्या, आधी पूर्ण बॅकअप घेऊन दुसऱ्या कॉम्प्युटरवर न्या, मग सेटिंग, आणि मग एकदाच लॉग फाइल श्रिंक करायची. एकदाच म्हणतोय कारण काहीजण ते रोज रात्री लावून ठेवतात, फाइल रोज आक्रसते आणि रोज परत फुगते, कॉम्प्युटर मेटाकुटीला येतो. हे काम एसक्यूएल जाणणाऱ्या माणसाकडून समोर बसून करून घ्या, तासाभराचे पैसे द्या, वाचवू नका.

फुकटची एक्सप्रेस आवृत्ती असेल तर दोन गोष्टी अजून. २०२२ पर्यंतच्या एक्सप्रेसमध्ये एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे (लॉग त्यात धरत नाहीत), तुम्ही ६ वर आहात, तेव्हा पुढचा विचार आत्ताच सुरू करा. आणि एक्सप्रेसचा बॅकअप दाबून लहान केलेला नसतो, त्यामुळं ती बॅकअपची .bak फाइल झिप करून बघा, चांगलीच लहान होते.

प्रश्न : मडगावला हॉटेलांना माल पुरवायचा आमचा धंदा आहे, प्रायव्हेट लिमिटेड. भाच्यानं टॅलीचा डेटा फोल्डरच गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवून दिला, म्हणजे आपोआप बॅकअप. आता १५ जीबी भरले म्हणून मेल यायच्या बंद झाल्या. पैसे भरून जागा वाढवू का?

उत्तर : जागा नंतर वाढवा, आधी डेटा तिथून हलवा. ड्राइव्ह हा फोल्डर सारखा वर पाठवत असतो, आणि तुम्ही बिल करत असताना त्या फाइल चालू असतात, एक फाइल दहा वाजताची वर गेली, दुसरी दहा वाजून पाच मिनिटांची, ही प्रत परत उतरवली तर एकमेकींशी जुळेलच असं नाही. आणि इथं डिलीट झालं की तिथंही डिलीट होतं, ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतं आणि मग जातं. त्याला बॅकअप म्हणत नाहीत.

टॅली बंद करा, फोल्डरची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवा, मग डेटा ड्राइव्हच्या बाहेर साध्या फोल्डरमध्ये आणा आणि टॅलीमध्ये डेटाची जागा बदलून द्या. रोज टॅलीतून बॅकअप घ्या आणि ती तयार फाइल तेवढी वर चढवा. १५ जीबी ही जीमेल, फोटो आणि ड्राइव्ह तिघांत मिळून आहे, बहुतेक फोटो आणि व्हिडिओंनीच ती खाल्लेली असणार. धंद्याचं खातं वेगळं करा, घरच्या फोटोंत मिसळू नका.

तुम्ही प्रायव्हेट लिमिटेड आहात म्हणून हे नक्की वाचा. ऑगस्ट २०२२ मधल्या दुरुस्तीपासून कंपन्यांना हिशोबाचा बॅकअप रोजच्या रोज, भारतात असलेल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो. फुकटच्या खात्यात डेटा कुठल्या देशात राहील हे आपल्याला निवडता येत नाही. तेव्हा ऑफिसातच एक वेगळा कॉम्प्युटर किंवा नेटवर्कची डिस्क बॅकअपसाठी ठेवा, नाहीतर भारतात सर्व्हर असल्याचं लेखी देणाऱ्याकडून जागा घ्या, आणि तुमच्या सीएंना कुठलं चालेल ते विचारून करा. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना एडिट लॉग, म्हणजे कुठली एंट्री कुणी कधी बदलली याची नोंद, बंद न करता ठेवावी लागते, त्यानं डेटा पूर्वीपेक्षा लवकर वाढतो. जागेचा अंदाज तो धरून करा.

प्रश्न : सर मी नाशिकला सीएंच्या ऑफिसात आर्टिकलशिप करतोय. क्लायंट पेनड्राइव्हनं, मेलनं डेटा देतात, सर्व्हरवर एकाच पार्टीचे ‘डेटा’, ‘डेटा कॉपी’, ‘डेटा फायनल’, ‘फायनल नवीन’ असे आठ-आठ फोल्डर. सरांनी मला सफाई करायला सांगितलंय, कुठून सुरू करू?

उत्तर : नावांपासून. पार्टीचं नाव, आर्थिक वर्ष, आणि मिळाल्याची तारीख आधी साल, मग महिना, मग दिवस अशी लिहा, म्हणजे यादी आपोआप क्रमानं लागते. जुन्यांमधला खरा फायनल कुठला हे नावावरून ठरवू नका, फोल्डरच्या तारखेवरूनही नाही, कॉपी केली की ती बदलू शकते. सही झालेला ताळेबंद हातात घ्या, कंपनी उघडा, नफा आणि भांडवलाचा आकडा जुळला तोच फायनल. बाकीचे लगेच उडवू नका, ‘काढायचे’ नावाच्या फोल्डरमध्ये हलवा आणि सरांना यादी दाखवून सही घ्या. एका वेळी एकच पार्टी पुरी करा. कंटाळवाणं काम आहे, पण यातून तुला प्रत्येक क्लायंटचा हिशोब एकदा डोळ्याखालून जाईल, त्या दृष्टीनं बघ.

प्रश्न : जागा करायला टॅलीत डेटा स्प्लिट केला तर चालेल का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : जागेसाठी स्प्लिट, म्हणजे एका कंपनीचा डेटा तारखेवर तोडून वेगळ्या कंपन्या करणं, करू नका. स्प्लिट केल्यावर मूळ कंपनी तशीच राहते आणि शेजारी नव्या तयार होतात, म्हणजे लागणारी जागा उलट वाढते. कंपनी उघडायला, रिपोर्ट यायला फार वेळ लागत असेल, आठ-दहा वर्षांच्या एंट्र्या एकाच कंपनीत असतील, तर स्प्लिट जरूर करा, आधी व्हेरिफाय चालवून जे दोष दाखवेल ते दुरुस्त करून आणि बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेऊन. आणि करायच्या आधी डेटा फोल्डरवर राइट क्लिक करून साइज बघा. ती एक जीबीच्या आत असेल तर तुमची जागा टॅलीनं खाल्लेलीच नाही, डाउनलोडचा फोल्डर आणि डेस्कटॉपवरचे जुने बॅकअप बघा, आवृत्ती बदलताना कुणी काढून ठेवलेल्या डेटाच्या प्रतीही तिथंच कुठंतरी पडलेल्या असतात.